शोकाची चित्रं काळ्या-पांढऱ्यातच का? (चर्चा)

शाईरेघ

बंगालच्या दुष्काळाच्या चित्रांवर बोलणं चाललं होतं तेव्हा एकाने लिहिलं, की दुःख दाखवायचं म्हटलं की चित्रकार रंग काढून टाकतात, ही सोपी पळवाट आहे. मला हे अजिबात पटलेलं नाही. म्हणून वेगळा धागा काढतोय.

चित्रकार चित्तप्रसाद यांच्यापासून सुरुवात करू. नोव्हेंबर १९४३ मध्ये ते मिदनापूर जिल्ह्यात गावोगाव फिरले. जवळ शाई आणि कागद. समोर दिसतील ती माणसं काढत गेले आणि कित्येक रेखाटनांखाली त्या माणसाचं नाव-गाव लिहून ठेवलं. त्या दुष्काळात किती मेले? सरकारी आयोगाने १५ लाख म्हटलं, नंतरच्या अभ्यासकांनी आकडा ३० लाखांच्या आसपास नेला. एवढ्या लाखांत एखाद्या बाईचं नाव शिल्लक राहिलं ते एका चित्राखाली. या चित्रांचं ‘हंग्री बंगाल’ नावाचं छोटं पुस्तक निघालं. ब्रिटिश सरकारने त्याच्या ५,००० प्रती जप्त करून नष्ट केल्या. घरच्यांनी बँकेच्या लॉकरमध्ये सांभाळलेली एक प्रत तेवढी वाचली, आणि तिच्यावरून २०११ मध्ये ते पुन्हा छापलं गेलं. उपाशी माणसांचं कोणी ऐकत नव्हतं, आणि त्यांच्या वतीने बोलणारी चित्रंही गप्प करण्यात आली.

आता त्याच चित्रांत भाताची हिरवी खाचरं, निळं आभाळ, साडीचा लाल काठ आणा. नजर आधी तिकडे जाणार. रंग डोळ्याला टेकायला जागा देतो. शाईत ती जागा नाही. बरगडी दिसते, कोरा कागद दिसतो, आणि पुन्हा बरगडीकडेच यावं लागतं.

दुसरं उदाहरण जर्मनीचं. चित्रकर्ती केटे कोलवित्झ यांचा धाकटा मुलगा पीटर ऑक्टोबर १९१४ मध्ये युद्धात मारला गेला, वय अवघं १८. तो घाव कागदावर यायला बरीच वर्षं गेली. शेवटी १९२१-२२ मध्ये त्यांनी युद्धावर सात काष्ठठसे (लाकूड कोरून घेतलेले छाप) केले. त्यांत रणांगण नाही, तोफा नाहीत. ‘आईवडील’ हा ठसा शोधून बघा. गुडघ्यांवर बसलेले दोघं एकमेकांत इतके मिसळलेत की एकच काळा गोळा दिसतो. बापाने तोंडावर हात घेतलाय, आई त्याच्यात वाकून गेलीये. चेहरा एकाचाही दिसत नाही. यात कुठला रंग भरणार आणि कशासाठी?

माझं म्हणणं एवढंच, की ज्यांचं कोणी ऐकत नाही त्यांचं दुःख मांडताना एकच रंग हा सर्वांत प्रामाणिक मार्ग आहे.

मोरपीस

सहमत नाही, आणि मनापासून नाही.

रंग काढून घेणं ही आपल्याकडे बाईला दिलेली शिक्षा होती. नवरा गेला की कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, केशवपन करायचं आणि जन्मभर तांबडं आलवण नेसायचं. तेही एकरंगीच! त्या एका रंगातूनच समाज तिला सांगत होता, की आता तू कार्यात पुढे यायचं नाहीस, हसायचं नाहीस, बोलायचं नाहीस. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी न्हाव्यांना एकत्र केलं आणि त्यांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला. तरी कुंकू आणि बांगड्या राहिल्याच. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडला त्याविरुद्ध ग्रामपंचायतीचा ठराव व्हायला २०२२ साल उजाडावं लागलं.

शाईरेघ, आता तुम्ही सांगा. रंग हिरावूनच जिचं तोंड बंद केलं, तिचं दुःख दाखवताना चित्रकाराने पुन्हा रंगच काढून घ्यायचे? मग त्याच्यात आणि तिच्या सासरच्यांत फरक काय राहिला? माझ्या आजोळी अशी एक बाई होती. तिला जन्मभर ज्या रंगांची हौस राहून गेली ते सगळे तिच्या चित्रात आले पाहिजेत असं मला वाटतं.

आणि हे नुसतं वाटणं नाही. चिलीमध्ये १९७३ च्या लष्करी उठावानंतर हजारो माणसं उचलली गेली, कित्येकांचा पत्ताच लागला नाही. त्यांच्या आया, बायका, बहिणी सान्तियागोमध्ये चर्चच्या आधाराने एकत्र बसून गोणपाटावर चिंध्या शिवू लागल्या. त्या शिवणचित्रांना ‘आर्पिय्येरा’ म्हणतात. लाल, पिवळे, निळे, जांभळे तुकडे. मागे अँडीज पर्वत, वर बहुतेकदा झगझगीत सूर्य, आणि खाली पोलिसांची गाडी, रिकामी खुर्ची, ‘कुठे आहेत ते?’ असा फलक धरलेल्या बाहुलीएवढ्या बाया. काहींनी तर हरवलेल्या माणसाचेच कपडे कापून त्यात शिवले. हुकूमशाहीच्या नाकावर टिच्चून ही चित्रं देशाबाहेर गेली. गप्प केलेल्यांचा याहून मोठा आवाज मला माहीत नाही, आणि तो पूर्ण रंगीत आहे.

ठसेवाला

मी स्वतः लिनोकट (लिनोलियमचा तुकडा कोरून छापलेली चित्रं) करतो म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. तुम्ही दोघंही काळ्या-पांढऱ्याकडे फक्त भावनेच्या बाजूने बघताय. त्यामागे छपाईचा हिशोबही आहे.

चित्तप्रसाद कम्युनिस्ट पक्षासाठी काम करत होते. पक्षाचं ‘पीपल्स वॉर’ मुंबईहून निघायचं, मराठीत ‘लोकयुद्ध’ होतं. त्या काळच्या साप्ताहिकाला रंगीत छपाई कुठून परवडणार? काळी रेघ कुठल्याही छापखान्यात, कसल्याही कागदावर उठते. झैनुल आबेदीन यांनी त्याच दुष्काळाची चित्रं चिनी शाईने आणि कोरड्या कुंचल्याने साध्या पॅकिंगच्या कागदावर केली. दुष्काळात तेवढंच हाताशी होतं. आधी शोक आणि मग शाई, असा क्रम नेहमीच नसतो.

मात्र एकदा हे माध्यम हातात आलं की ते तुमच्याकडून काय करवून घेतं, ते वेगळं. लिनोचा तुकडा थोडा उन्हात किंवा तव्याजवळ गरम करायचा, म्हणजे नरम पडतो. मग व्ही आकाराच्या पटाशीने कोरायचं. कोरलं ते पांढरं, राहिलं ते काळं. मधलं काही नाही. करडी छटा पाहिजे तर बारीक रेघा जवळजवळ कोरून डोळ्याला फसवावं लागतं. आणि एकदा काप गेला की गेला, रबराने खोडता येत नाही. रोलरने शाई लावून कागद ठेवायचा, मागून चमच्याने घासायचं, आणि कोपरा धरून हळूच उचलायचा. उपाशी माणसाच्या गालाचा खड्डा कोरताना कळतं, की तुम्ही प्रकाश कोरून काढताय आणि अंधार आपोआप मागे राहतोय. रंगाच्या कामात हे घडत नाही.

सोमनाथ होर यांचं नाव कोणी घेतलं नाही याचं आश्चर्य वाटलं. चितगावच्या या मुलाला दुष्काळात चित्रं काढायला चित्तप्रसाद यांनीच उभं केलं. पुढे १९७० च्या दशकात त्यांनी ‘जखमा’ ही मालिका केली. मातीच्या पातळ थरावर सुरीने चिरे द्यायचे, भोसकायचं, त्यावरून सिमेंटचा साचा घ्यायचा आणि साच्यात कागदाचा लगदा दाबायचा. वाळल्यावर निघतो तो पांढऱ्यावर पांढरा कागद. शाईचा ठिपकाही नाही, फक्त कातडी उसवल्यासारखा उंचवटा नि भेग. दिवा समोरून असेल तर जवळजवळ काहीच दिसत नाही, बाजूने असेल तर सावली पडते आणि जखम उघडी होते. बघणाऱ्याला जागा बदलून शोधावं लागतं. दाबलेल्या आवाजाचं याहून नेमकं रूप मी पाहिलेलं नाही. त्यामुळे एकरंगाच्या बाजूने बोलायचंच तर मी कोलवित्झआधी होरांना पुढे करीन.

निळी पहाट

नागपूरहून लिहितोय. वरचे सगळे प्रतिसाद वाचले. चित्रात दुःख कसं दिसतं यावर तुम्ही सगळे बोललात. ते कोण बघतंय, यावर फारसं कोणी बोललं नाही.

गावकुसाबाहेरच्या माणसाचं करडं, सुकलेलं, मान खाली घातलेलं चित्र दिवाणखान्यात लावणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही. त्या करड्यातून बघणाऱ्याला हळहळता येतं आणि काही करावं लागत नाही. माणूस दयेचा विषय होऊन बसतो. आमचा एकच रंग आहे आणि तो निळा आहे. तो शोकाचा नाही. ६ डिसेंबरला दादरला जाऊन बघा, दिवस शोकाचा असतो आणि झेंडा निळा असतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर लाखो लोक पांढरे कपडे घालून आले होते. ते पांढरं सुतकाचं नव्हतं, जुनं सगळं टाकून नव्याने उभं राहण्याचं होतं. म्हणजे एकरंग म्हणजे शोक हे समीकरणच मला मान्य नाही. कोण वापरतो यावर ते ठरतं.

आमच्याच नागपूरचे चित्रकार सवी सावरकर यांनी पेशवाईतला गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू बांधलेला अस्पृश्य पुन्हा पुन्हा काढला. त्यांच्या एचिंगमध्ये (धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून छापलेल्या चित्रांत) काळी शाई आहे, पण तो काळा रंग रडत नाही, जाब विचारतो. अंगावर येतो. मला काळं चालतं ते असं.

आणखी एक. ज्या बंगालच्या दुष्काळावर हा धागा आहे त्यावर अण्णाभाऊ साठ्यांनी पोवाडा रचला होता. मुंबईच्या गिरणगावात तो डफ-तुणतुण्यावर, चढ्या आवाजात गायला गेला. त्याच भुकेची ती दुसरी बाजू. उपाशी माणसासाठी गप्प व्हावं लागतं असं अण्णाभाऊंना वाटलं नाही.

उत्तररात्र

गेर्निका शहराचं उदाहरण अजून आलं नाही म्हणून लिहिते. स्पेनच्या यादवी युद्धात २६ एप्रिल १९३७ ला जर्मन विमानांनी बास्क प्रांतातल्या या गावावर बॉम्ब टाकले. पिकासोने पॅरिसमध्ये साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद कॅनव्हासवर काळा, पांढरा, करडा एवढ्यातच ‘गेर्निका’ हे चित्र उभं केलं. काम चालू असताना छायाचित्रकार डोरा मारने जे फोटो काढले त्यांत दिसतं, की त्याने मध्येच नक्षीदार वॉलपेपरचे तुकडे चिकटवून बघितले होते. मग काढून टाकले. म्हणजे रंग आणि नक्षी आजमावून, नाकारून तो करड्यावर आला. ठसेवालादादांचा छपाईचा मुद्दा इथे लागू होत नाही, कारण तेलरंगाच्या कॅनव्हासला छापखान्याची अडचण नसते.

पण शाईरेघ यांनी लगेच खूश होऊ नये. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पिकासोने ‘रडणारी बाई’ केली, ती आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. पिवळा, हिरवा, जांभळा, लाल टोपी, निळं फूल. दातांत धरलेला रुमाल काचेसारखा टोकदार झालाय आणि तेवढाच भाग पांढरा-निळसर आहे. तोच चित्रकार, तेच युद्ध, तेच वर्ष. मला विचाराल तर गावाचं दुःख त्याने करड्यात मांडलं आणि एका बाईचं दुःख भडक रंगांत. एकटीच्या रडण्यात रंग किंचाळतात, गर्दीत ते चित्र फोडून टाकतात, असा माझा अंदाज.

शाईरेघ

सगळ्यांचे आभार. मुद्दे वजनदार आहेत, सगळ्यांना एकत्रच उत्तर देतो.

मोरपीसताई, चिलीच्या बायकांनी स्वतःच्या मुलांचे कपडे कापून शिवले. ते रंग त्यांचे होते, त्यांच्या घरातले होते. तिथे रंग नको असं मी कोण म्हणणार? चित्तप्रसाद मात्र परक्याच्या भुकेसमोर उभे होते. परक्याच्या दुःखात आपल्या आवडीचे रंग भरणं मला आगाऊपणा वाटतो. ज्याने स्वतः सोसलं नाही त्याने रेघ, नाव आणि गाव एवढ्यावर थांबावं. तुमच्या आजोळच्या त्या बाईंनी स्वतः कुंचला धरला असता तर तिचे सगळे रंग मी डोळे भरून पाहिले असते. तिच्या वतीने रंग निवडायला मी धजावणार नाही.

निळी पहाट, हळहळ विकत घेऊन भिंतीवर टांगणाऱ्यांबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. पण ५,००० प्रती नष्ट कराव्याशा वाटल्या त्या करड्या चित्रांच्याच. दयेची चित्रं कोणतं सरकार जप्त करतं?

मोरपीस

सोसणाऱ्याचा रंग आणि बघणाऱ्याची शाई, ही विभागणी वाचायला चांगली वाटते. पण मग कोलवित्झचं काय? पीटर तर तिच्याच पोटचा होता. तुमच्या नियमाप्रमाणे तिला सगळे रंग मोकळे होते. तिने का नाही वापरले?

शाईरेघ

कारण ‘आईवडील’मध्ये पीटर नाहीच. त्याचं तोंड नाही, गणवेश नाही, नाव नाही. स्वतःचा मुलगा काढून टाकून तिने ती जागा मोकळी ठेवली, म्हणून त्या युद्धात मुलगा गमावलेली दुसरी कुठलीही आई तिथे जाऊन बसू शकते. केसांचा किंवा शालीचा एक खरा रंग आला असता तर ती दोघं फक्त बर्लिनचं कोलवित्झ जोडपं झाली असती. तिच्याकडे रंग होते, आणि बाकीच्या आयांसाठी तिने ते बाजूला ठेवले, असं मी मानतो. तुम्हाला हे पटत नसेल तर तो ठसा आणि एखादी आर्पिय्येरा शेजारी-शेजारी ठेवून बघा आणि इथेच लिहा. वाट बघतोय.