जखमेत अँटिबायोटिकची पावडर टाकतात ती कशासाठी?

काळजीतली_लेक: बाबांच्या गुडघ्याखालचं हाड मोडलंय, चीर सांध्यापर्यंत गेलीय. सूज उतरली की प्लेट बसवणार आहेत आणि सर्जन म्हणाले टाके घालायच्या आधी आत व्हँकोमायसिनची पावडर टाकू. अहो पण सलाईनमधून अँटिबायोटिक देणारच आहेत ना, मग परत हे कशाला? बाबांची किडनी आधीच जरा नाजूक आहे, त्या विचाराने रात्रभर झोप नाही.

ऑर्थो_रेसिडेंट: ताई, शिरेतलं औषध रक्तातून पोचतं, आणि अशा मारात हाडाभोवतीचा रक्तपुरवठाच दुखावलेला असतो, म्हणजे जिथे गरज जास्त तिथेच औषध कमी पडतं. त्यात प्लेटवर जंतू एकदा चिकटले की स्वतःभोवती चिकट थर करतात, बायोफिल्म म्हणतात त्याला, मग साधा डोस त्यांना पुरत नाही. पावडरने तिथल्या तिथे भरपूर औषध मिळतं पण रक्तात फार थोडं उतरतं, त्यामुळे किडनीवर डोस दुप्पट असं होत नाही. तरी क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट सर्जनना दाखवाच. २०२१ साली अशाच फ्रॅक्चरच्या ९८० पेशंटवरचा अभ्यास आला, १००० मिलिग्रॅम पावडर टाकलेल्यांत सहा महिन्यांत खोल इन्फेक्शन ६.४ टक्के, न टाकलेल्यांत ९.८. हा एकूण फरक अगदी काठावरचा आहे, योगायोगानेही पडू शकतो असा. पण जंतूंचे ग्राम पॉझिटिव्ह आणि ग्राम निगेटिव्ह असे दोन मोठे गट असतात, त्यातल्या स्टॅफसारख्या ग्राम पॉझिटिव्ह जंतूंवर फायदा स्पष्ट दिसला. ग्राम निगेटिव्हवर काही नाही, ते व्हँकोमायसिनला दादच देत नाहीत. म्हणून शिरेतलं औषध बंद करायचं नसतं, पावडर ही त्याच्या जोडीला.

पाय_वाचला: माझं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं, मला पावडर नाही, बोन सिमेंटमध्ये, म्हणजे हाडाच्या ऑपरेशनात वापरतात त्या घट्ट होणाऱ्या लगद्यात, अँटिबायोटिक कालवून मण्यांची माळ ठेवली होती. फक्त ते मणी विरघळत नाहीत, काढायला परत टेबलावर जावं लागलं.

ऑर्थो_रेसिडेंट: हो, सिमेंटची पद्धत जुनी, १९७० मध्ये हॅम्बुर्गला बुखहोल्त्स या सर्जननी कृत्रिम सांधा बसवायच्या सिमेंटमध्ये जेंटामायसिन हे अँटिबायोटिक मिसळल्याचं छापून आलं. सिमेंट घट्ट होताना तापतं म्हणून उष्णता सोसणारंच औषध लागतं. कॅल्शियम सल्फेटचे मणी आपोआप विरघळतात पण जखमेतून पाणी झिरपतं, घरचे घाबरतात पू झाला म्हणून.

काळजीतली_लेक: खूप आभार दोघांचे. क्रिएटिनिनचा रिपोर्ट फाईलमध्ये सगळ्यात वर लावला, सकाळी राउंडला दाखवते.