मदत हवी आहे: एसी बंद असतानाच कंप्रेसर घरघरतो (जुनी व्हॅन)

नमस्कार मंडळी,

गाडी 2011ची, सात सीटर पेट्रोल व्हॅन, इंजिन पुढच्या सीटखाली. 1 लाख 38 हजार किमी झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर धागा 'ती गाडी घेतलीच कशाला'कडे वळतो.

इंजिन चालू आणि एसी बंद असला की सीटखालून घर्र घर्र येतं, रिकामं जातं फिरवल्यासारखं. एसीचं बटण दाबलं की 'टक्' होतं आणि घरघर निम्म्यावर येते. हवा मस्त गार. बटण बंद केलं की पुन्हा सुरू. खंबाटकी चढताना जोर मिळावा म्हणून मी एसी बंद करतो, तर नेमकी तेव्हाच बोंब. मागून आई म्हणते, "अरे चालूच ठेव ना, गप्प तरी बसेल."

एसीवाल्याने सीट उचलून दोन मिनिटं ऐकलं आणि सांगितलं, "कंप्रेसर गेला, गॅससकट 19 हजार." गाडीच आता लाख-सव्वा लाखाची! नुसता कंप्रेसरचा क्लच (पुलीची फिरकी कंप्रेसरला जोडतो-सोडतो तो) खराब असू शकतो का? घरी कसं ओळखायचं? पान्यांचा सेट, मल्टिमीटर आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आहे. गॅस सोडावा लागेल का?

पाना_चौदा:
19 हजार खिशातच ठेवा. एसी बंद असताना कंप्रेसरचा शाफ्ट फिरतच नाही. फिरते ती फक्त पुली, आणि ती इंजिन चालू असेपर्यंत बेल्टवर फिरतच राहते. मग बंद एसीत होणारा आवाज कंप्रेसरच्या पोटातला कसा असेल? एसी लावला की कॉइलचं चुंबक समोरची प्लेट पुलीवर ओढून धरतं. त्या ओढीने पुलीच्या ढिल्या बेअरिंगचा खेळ दबतो, म्हणून तुमचा आवाज कमी होतो. उलटं असतं, म्हणजे एसी लावल्यावर आवाज वाढला असता, तर मीही कंप्रेसरवरच संशय घेतला असता.

खात्री करा. इंजिन बंद करून कंप्रेसरचा बेल्ट काढा. पुली हाताने फिरवा, मग दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवा. खरखर लागली किंवा कडेने हलली की बेअरिंग गेलं. नंतर बेल्टशिवाय इंजिन चालू करून ऐका. पण त्याच बेल्टवर वॉटर पंप असेल तर अर्ध्या मिनिटाच्या वर नको. आयडलर पुली (बेल्टला नुसता आधार-ताण देणारी) असेल तर तीही फिरवून बघा, खूपदा चोर तीच निघते.

गॅसला हात लावायचा नाही. पुली, बेअरिंग, कॉइल, प्लेट सगळं कंप्रेसरच्या बाहेर असतं.

घाटवाला:
स्प्रेने थोडं ग्रीस मारा, दोन महिने चालेल.

पाना_चौदा:
नका मारू. बेअरिंग सीलबंद असतं, आत काही जात नाही. उडालेलं ग्रीस प्लेटवर बसलं की क्लच घसरायला लागेल. आणि असं बेअरिंग ओढत राहिलात तर पुली कलते, कॉइलला घासते, बेल्टही जळतो.

लेथकाका:
बेअरिंगच्या सीलवर नंबर असतो, तो घेऊन बेअरिंगच्या दुकानात जा. जुनं काढणं आणि नवं बसवणं प्रेसवर करून घ्या, हातोडी नको. पुलीत बसवताना दाब बाहेरच्या रिंगवर, पुली कंप्रेसरवर चढवताना आतल्या रिंगवर. हे चुकलं की नवं बेअरिंग महिन्यात बोलायला लागतं. प्लेटमागच्या शिम (फट कमी-जास्त करायच्या चकत्या) हरवू नका, कागदासारख्या पातळ असतात. शेवटी प्लेट आणि पुलीमधली फट तीन जागी मोजा. बहुतेक कंप्रेसरांत ती 0.3 ते 0.6 मिमीच्या आसपास असते. कमी ठेवलीत तर बंद असतानाही घासेल.

धागाकर्ता:
रविवारी बसलो. कंप्रेसरचा बेल्ट स्वतंत्रच निघाला. तो काढून इंजिन चालू केलं तर सीटखाली चिडीचूप! पुली फिरवली तर बोटांना वाळू दळल्यासारखं लागत होतं, आणि मागच्या बाजूला तपकिरी भुकटीचं कडं. तेलाचा डाग कुठेच नाही.

सोमवारी बेअरिंग आणि प्रेस मिळून 850 रुपये गेले. फट 0.9 भरली, एक शिम काढल्यावर 0.5 झाली. आता एसी बंद असताना फक्त इंजिन ऐकू येतं. (मग मागच्या दाराचा खडखडाट ऐकू यायला लागला, ते जाऊ दे.)

एकच शंका. कॉइलचा रंग एका बाजूला करपल्यासारखा झालाय. मल्टिमीटरवर 3.8 ओहम दाखवतो. बदलू का?

पाना_चौदा:
आकडा ठीक आहे, आत्ता नको. पण गरम झाल्यावर कॉइलचा रोध वाढतो आणि ओढ कमी होते. त्यामुळे थंड असताना मोजून भागत नाही. तासभर उन्हात चालवल्यावर बटण चार-पाचदा दाबा. 'टक्' उशिरा आलं किंवा आलंच नाही, तर आधी कनेक्टरवर व्होल्टेज बघा. ते बरोबर असेल तर कॉइल टाका.

धागाकर्ता:
शनिवारी पंढरपूर आहे, ऊन मिळेलच. दाबून बघतो आणि इथेच लिहितो.