मामाच्या डब्यातली परदेशी नाणी, मिंट एरर (टाकसाळीत छापताना झालेली चूक) कसं ओळखायचं?

सायली_गिरगाव:
माझा मामा बोटीवर होता. तो गेल्यावर मामीने त्याचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा मला दिला, त्यात सगळी परदेशी नाणी. काल रात्री चाळत बसले तर तीन विचित्र निघाली. इंग्लंडचं एक २० पेन्स, त्यावर साल कुठेच नाही. अमेरिकेचं एक क्वार्टर (२५ सेंटचं नाणं), पुढची बाजू सरळ धरून फिरवलं तर मागचा गरुड डोक्यावर उभा. आणि अमेरिकेचंच १९७९ चं एक सेंट, कडेला चावा घेतल्यासारखा गोल तुकडा गायब. फोर्टात एका दुकानात दाखवली तर नीट बघितलं पण नाही, तिन्हीचे मिळून दोनशे म्हणाला, आणि यूट्यूबवर लाखांच्या गोष्टी. विकायची घाई नाहीये पण मामाने जपलेली वस्तू आहे, खरं काय ते कळायला हवं.

दादर_पश्चिम:
ताई, क्वार्टर एरर नाही. अमेरिकेची नाणी मुळातच तशी छापतात, वर-खाली पलटा म्हणजे गरुड सरळ दिसेल. आपली आणि ब्रिटिश नाणी पुस्तकाच्या पानासारखी उलटतात म्हणून आपल्याला चुकल्यासारखं वाटतं. त्या त्या देशाचं बरोबर नाणं कसं असतं ते आधी बघायचं, मग चूक शोधायची.
२० पेन्स मात्र जपून ठेवा आणि आधी सांगा मागे काय आहे, मुकुटवालं गुलाब का ढालीचा तुकडा? गुलाब असेल तर साल त्याच बाजूला असतं, झिजलं असेल. पण २००८ मध्ये डिझाईन बदललं, मागे ढाल आली आणि साल राणीच्या बाजूला गेलं, तेव्हा काही नाण्यांना राणीचा जुना डाय (नाणं छापायचा ठसा) आणि मागचा नवा डाय अशी जोडी लागली, मग साल दोन्हीकडे नाही. याला म्यूल म्हणतात. अशी हजारो सुटली म्हणून लाख-बिख विसरा, पण ५० पौंडांच्या आसपास विकली जातात.

भिंगवाला:
सेंटबद्दल. पत्र्याच्या पट्टीतून चकत्या पाडताना पट्टी पुरती पुढे सरकली नाही की पंच आधीच्या भोकावर चढतो आणि चकतीला असा गोल चावा पडतो. नंतर कड उचलायच्या मशीनमध्ये चकती दाबून फिरते, चाव्याच्या जागी दाबायला धातूच नाही म्हणून बरोब्बर समोरच्या बाजूलाही कड नीट उठत नाही. कानशीने कापलेल्या नाण्यात समोरची कड ठणठणीत असते, तिथेच चोरी पकडली जाते. दहापट भिंगाने बघा. सोनाराकडे वजनही करा, १९७९ चं सेंट तांब्याचं, पूर्ण नाणं ३.११ ग्रॅम, तुमचं त्याहून कमी भरायला हवं. खरं निघालं तरी किंमत थोडेच डॉलर, असे चावे बरेच सापडतात.

माटुंगा_मध्य:
हात जोडून सांगतो, घासू नका. माझ्या आजोबांचं एक तांब्याचं नाणं मी चिंच लावून लख्ख केलं, नंतर एका जाणकाराने भिंगातून ओरखडे दाखवले तेव्हा पोटात खड्डा पडला, अजून वाईट वाटतं. ईबेवर लोक काय मागतात ते बघू नका, विकल्या गेलेल्यांचा फिल्टर लावा, तोच भाव. आणि कोणी फोन करून आधी फी भरा, जीएसटी भरा, मग लाख देतो म्हणालं तर लगेच ठेवून द्या, रिझर्व्ह बँकेनेच २०२१ मध्ये अशा लोकांबद्दल इशारा दिलाय.

सायली_गिरगाव:
सगळ्यांचे खूप आभार. क्वार्टर वर-खाली पलटलं, गरुड सरळ. २० पेन्सच्या मागे ढालच आहे, राणीच्या बाजूला भिंग फिरवून फिरवून बघितलं, एक आकडा नाही!! आणि सेंटचं सांगते, चाव्याच्या समोर नखाने चाचपलं तर तिथे कड जवळजवळ लागतच नाही, बाकी सगळीकडे लागते. दोन्ही वेगळ्या पाकिटात ठेवलीत. मामीला आत्ताच फोन केला, ती म्हणाली सेंटचं नाणं तो नेहमी खिशात ठेवायचा, ते विकू नकोस.