एडीएचडी, गोंगाट आणि न जाणवणारी तहान-भूक: काय उपयोगी पडतं?

एडीएचडीत (लक्ष टिकवणं कठीण जातं ती अवस्था) काहींना तहान, भूक, लघवी आतून जाणवतच नाही आणि गोंगाटही जास्त टोचतो. म्हणून चिडचिड वाढली की लगेच आवाजाला दोष देऊ नका. आधी लघवी, मग पाणी, खाणं, उकाडा-थंडी, कपड्यातलं टोचणारं लेबल, या क्रमाने तपासा. 'भूक लागली आहे का?' हा प्रश्न निरुपयोगी, आतून उत्तरच येत नाही. 'शेवटचं कधी खाल्लं?' असं विचारा. ४ तास उलटले असतील तर भूक असो-नसो, खायचं. लघवी पहिली, कारण ती तुंबली की चुळबुळ सुरू होते आणि 'लक्ष लागत नाही' या नावाखाली खपून जाते.

---

दर तासाचे अलार्म थोडे दिवस चालतात. मग बोट आपोआप 'बंद'वर जातं, काय वाजलं तेही कळत नाही. त्यापेक्षा रोजच्या कामाला जोडा: मीटिंग संपली की बाथरूम, परतताना बाटली भरायची. बाटली पारदर्शक, अर्ध्या लिटरची, कीबोर्डशेजारी. बॅगेतली बाटली म्हणजे नसल्यात जमा.

---

फोमचे इअरप्लग 'चालत नाहीत' म्हणणारे बरेच जण ते अर्धवट घालतात. सुरकुती न पडू देता बारीक वळा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर-मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. फोम वरच्या पट्टीचे आवाज जास्त कापतो, म्हणून बोलणं दबलेलं ऐकू येतं. गप्पांसाठी फिल्टरवाले इअरप्लग बरे. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन पंख्याची घरघर गिळतात, भांड्यांचा खणखणाट मात्र येतोच. यातलं काहीच दिवसभर कानात नको, कान आणखी हळवे होतात.

---

मिथाइलफेनिडेट (एडीएचडीचं औषध) चालू असेल तर पोटभर खाणं गोळीआधी उरका, नंतर भूक मरते. साध्या (दिवसभर न टिकणाऱ्या) गोळीचा असर साधारण ४ तासांत ओसरतो आणि तेव्हा भूक, थकवा, आवाज सगळं एकदम अंगावर येतं. त्याआधी अर्धा तास काहीतरी खाऊन घ्या. तोंडाला कोरड औषधानेही पडते, तेव्हा लघवीचा रंग बघा: गडद पिवळी म्हणजे पाणी कमी. ॲटोमोक्सेटिन या एडीएचडीच्याच दुसऱ्या औषधाने काहींची लघवी अडखळते. तसं झालं तर डॉक्टरांना सांगा, आपलाच विसराळूपणा समजून सोडून देऊ नका.

---

आवाजासारखंच दिव्यांचंही बघा. डिमरवरचा (उजेड कमी-जास्त करणाऱ्या बटणावरचा) एलईडी फोनच्या कॅमेऱ्यातून बघा, पट्टे सरकताना दिसले तर दिवा लुकलुकतोय, बदला. आणि गोंगाट-उजेड सगळं फार झालं की शब्द सुचत नाहीत, म्हणून '१० मिनिटं बाहेर आहे, परत येईन' हा मेसेज आधीच लिहून ठेवा.