दोन वर्षांच्या लेकीचा वाढदिवस: हॉल की घरीच? आणि आमंत्रणात काय लिहू?

नमस्कार मंडळी, मदत हवीये, जरा लांबण लागेल.

लेक ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात दोन वर्षांची होतेय. माझ्या मनात सकाळी औक्षण, दुपारी दोन्हीकडचे आजीआजोबा, मावशी, आत्या जेवायला आणि संध्याकाळी बिल्डिंगमधली तिच्या वयाची तीनचार पोरं, घरी केलेला केक, बस. सासूबाई आणि नवऱ्याला मात्र हॉल घेऊन सव्वाशे माणूस बोलवायचंय. पहिल्या वाढदिवसाला सुतक होतं, काहीच करता आलं नाही, त्यामुळे यंदा दोन्ही मिळून वसूल करायचे असं एकंदर चाललंय.

आता त्यांचं अगदीच चूक आहे असंही नाही. "आपण सगळ्यांकडे जेवून आलोय, त्यांना कधी बोलवायचं?" याला माझ्याकडे उत्तर नाही. सोसायटीत सतत कुणाचा ना कुणाचा बड्डे असतो, आम्ही पाकीट घेऊन जातो, पावभाजी-पुलाव खातो आणि रिटर्न गिफ्टची पिशवी घेऊन येतो. पण मग हा लेकीचा वाढदिवस कुठे राहिला, हा आमचा व्यवहार फेडायचा कार्यक्रम झाला आणि उत्सवमूर्ती कोण तर साडेसातला झोपणारं माणूस! मध्ये एका ठिकाणी गेलो होतो, वेळ सातची, केक कापला नऊला कारण कुणीतरी साहेब यायचे होते, तोवर बड्डे बॉय बाबांच्या खांद्यावर गाढ झोपलेला. त्याला उठवून हातात सुरी दिली आणि कानाशी पॉपर फोडला, मग जे भोकाड पसरलं ते आम्ही जेवून निघेपर्यंत चालू होतं.

समजा हॉल घ्यावाच लागला तर "कृपया आहेर आणू नये" लिहायचं का? लोक तरी आणतातच आणि जे खरंच रिकाम्या हाताने येतात ते बिचारे ओशाळतात. कोण येणार ते कसं विचारायचं, ग्रुपवर सगळे अंगठा दाखवतात आणि ताटामागे पैसे आम्ही भरायचे. आणि "पोराला सर्दीताप असेल तर आणू नका", "तिच्या तोंडात काही भरवू नका, पाप्या घेऊ नका" हे नात्यातल्या मोठ्या बायकांना सांगायचं कुणी?

डेकोरेशनवाल्याचं तर वेगळंच. फुग्यांची कमान आणि थर्माकोलमध्ये नाव. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्याही जुलै 2022 पासून देशभर बंद आहेत, तर म्हणे "मॅडम, कोण बघतंय?" मला त्यापेक्षा फुटलेल्या फुग्याच्या तुकड्यांची भीती, या वयाची पोरं ते थेट तोंडात घालतात आणि घशात अडकतात. शेंगदाणे, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं पण मेनूत नकोत म्हटलं तर मी अती करतेय असं ठरलं.

प्रतिसाद: अगं दोन्ही वेगळं कर ना. वाढदिवस घरी, तुझ्या मनासारखा. ते दिवस श्रावणातले, मग एखाद्या रविवारी सत्यनारायण घाल आणि सगळ्यांना पाच ते आठ तीर्थप्रसादाला बोलव. माणसं येतात, नमस्कार करतात, शिरा खाऊन जातात, कुणी केकसाठी ताटकळत नाही. आहेराचा प्रश्न नाही, फार तर देवापुढे काहीतरी ठेवतील.

प्रतिसाद: आम्ही हॉल घेतला होता आणि मजा आली, उगाच घाबरू नका. फक्त वेळ सकाळी अकराची ठेवा, पोरं ताजी असतात. पाहुणे येवोत न येवोत, केक सव्वाअकराला कापायचा. ग्रुपवर आमंत्रण टाकून मोकळं होऊ नका, घरटी फोन करा आणि सरळ विचारा, "किती पानं धरू?" लोक बरोबर आकडा सांगतात. आहेर नको लिहिलंत तर मग सख्ख्या मामाचंही पाकीट घेऊ नका, एकाचं घेतलं की बाकीचे नाराज. भरवण्याचं आजीला सांगायला लावा, सुनेनं सांगितलं की त्याची गोष्ट होते.

धागाकर्ती: पानं धरायचं लिहून ठेवलं, थँक्यू! सत्यनारायणाची कल्पना सासूबाईंना फारच आवडली. म्हणाल्या, छान, हॉलमध्येच घालू, म्हणजे केकही तिथेच कापता येईल. आता बोला.