विषयतज्ज्ञ शिक्षकांची टंचाई: जादा वेतन द्यावे का?

कंपासपेटी: भौतिकशास्त्र आणि संगणक या विषयांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात. उद्योगक्षेत्रातील तज्ज्ञांना जादा वेतन देऊन आणावे आणि शिक्षणशास्त्राच्या पदवीची अट काढून टाकावी. ज्याला विषय येतो, त्याला तो शिकवताही येतो.

जुना फळा: शेवटचे वाक्य वाचून राहवले नाही. आमच्या शाळेत असेच एक निष्णात अभियंते आले होते. ओहमचा नियम त्यांनी एका तासिकेत संपवला. परंतु दिव्यातून बाहेर पडताना विद्युतधारा कमी होते, अशी निम्म्या वर्गाची समजूत आहे, हे त्यांना सत्र संपेपर्यंत उमगले नाही. पुढच्या सत्रात ते उद्योगात परतले.

कंपासपेटी: मला भौतिकशास्त्र शिकवले ते जीवशास्त्राच्या बाईंनी, कारण वेळापत्रकात त्यांच्याच तासिका शिल्लक होत्या. ‘सूत्र असेच असते, पाठ करा,’ हे त्यांचे ठरलेले उत्तर. शिक्षणशास्त्राची पदवी त्यांच्याकडे होतीच की!

दुरेघी वही: जादा वेतन दोघांनीही गृहीत धरलेले दिसते. मी भाषा शिकवते आणि निबंधांचे गठ्ठे घरी नेऊन तपासते. शेजारच्या खुर्चीतील सहकाऱ्याला केवळ विषयामुळे अधिक पैसे मिळणार असतील, तर शिक्षककक्षात कोण कोणाला मदत करील?

कंपासपेटी: वेतन कष्टांवर नव्हे, टंचाईवर ठरते. आपल्या पदासाठी अर्जांचा ढीग पडतो, हे कटू असले तरी खरे आहे.

दुरेघी वही: मग टंचाई संपल्यावर त्यांचे वेतन कापणार का? की आम्ही कंटाळून नोकरी सोडली, म्हणजे आमचीही किंमत वाढेल? निदान अपमान करताना तरी हिशेब पुरा करावा.

जुना फळा: बाईंचा प्रश्न रास्त आहे. इंग्लंडने २०२४-२५ मध्ये भौतिकशास्त्राच्या शिक्षक-प्रशिक्षणार्थींसाठी २८,००० पौंडांचे अर्थसाहाय्य ठेवले होते, तरीही प्रवेशाचे उद्दिष्ट गाठता आले नाही.

कंपासपेटी: ती रक्कम नसती तर आणखी कमी लोक आले नसते, हे कशावरून? तरीही अट पूर्णपणे काढण्याचा आग्रह सोडतो. नवागत तज्ज्ञांना पहिल्या वर्षी निम्म्याच तासिका द्याव्यात आणि उरलेल्या वेळात अनुभवी शिक्षकांच्या वर्गात बसवावे. जीवशास्त्राच्या बाईंबद्दलचे माझे गाऱ्हाणे मात्र कायम आहे.

जुना फळा: शिकवणेही शिकावे लागते, हे एकदाचे मान्य झाले म्हणायचे. पण त्यांच्या उरलेल्या निम्म्या तासिका घेणार कोण?

दुरेघी वही: जिच्या पदासाठी अर्जांचा ढीग पडतो, तीच घेईल, आणि तेही आहे त्याच वेतनात.