पावसाळ्यानंतर पॉवर वीडर पेटेना

प्रश्न: आडसाली (जुलै-ऑगस्टात लावलेल्या) उसाची भरणी, म्हणजे बुडाशी माती चढवणं, तोंडावर आलीय. फोर-स्ट्रोक पेट्रोल वीडर (तण काढायचं, माती चढवायचं यंत्र) जूनपासून शेडमध्ये होता, टाकीत जुनंच पेट्रोल. दोरी ओढून हात भरून आले. आधी काय बघू?

उत्तर: दादा, प्लग काढा. कोरडा असला तर पेट्रोल पोचत नाही, बहुतेक कार्बोरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) तुंबलाय. इथेनॉलवालं पेट्रोल ओल धरतं, पाणी कार्बोरेटरखालच्या वाटीच्या तळाशी साचतं. पेट्रोलचा कॉक बंद करून वाटी उतरवा, मेन जेटचं (ज्यातून पेट्रोल वर जातं त्या बारीक नळीचं) भोक तांब्याच्या एका बारीक तारेनं मोकळं करा. सुई नको, भोक मोठं होतं. टाकीतलं पेट्रोलही बदला.

दुसरं उत्तर: प्लग ओला असला तर ठिणगी बघा, प्लगच्या टोकांमधली गॅप ०.७ ते ०.८ मिमी. ऑइल सेन्सर असेल तर ऑइल कमी पडल्यावर ठिणगीच तुटते. मशीन सपाटीवर ठेवूनच लेव्हल मोजा.

प्रश्नकर्ता: वाटीत चमचाभर पाणी निघालं. तिसऱ्या ओढीला पेटला.